पाण्याची वाट

अण्णा, तुमचे गुडघे खरंच दुखत होते का? तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि मी शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर बसून हे विचारतो आहे. मी सहावीत असेपर्यंत तुम्ही दर हिवाळ्यात शाळेतली पोरं घेऊन गावामागची टेकडी चढायचात. माथ्यावर शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथे आम्हाला बसवून लढाई सांगायचात. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनं किल्ल्यांवरच्या पहारेकऱ्यांची वतनं काढून घेतली, आणि आपल्या मुलखात स्वातंत्र्याची पहिली लढाई झाली ती इथे, असं तुमचं वाक्य ठरलेलं. वर चाळीसेक माणसं. तोड्याच्या थोड्या बंदुका, बाकी गोफणी. कंपनीची पलटण समोरच्या उतारावरून दोनदा चढली आणि दोनदा दगडांच्या माऱ्यानं मागे सरली. तिसऱ्या दिवशी ती पाठीमागून आली, बायका पाणी आणायच्या त्या वाटेनं. ‘एकही शरण गेला नाही, एकही उरला नाही,’ एवढं म्हणून तुम्ही चष्मा पुसायचात. मग अर्धा वर्ग खाली पाठवून ढेकळांची लढाई लावायचात. मी नेहमी वरच्या फळीत, कारण आपले खापरपणजोबा त्या चाळिसांत होते. गाव आपल्या घराला ‘वाटाडे’ म्हणतं, ते बंडवाल्यांना रानातून वाट दाखवायचे म्हणून, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

सातवीच्या उन्हाळ्यात पुण्याहून मोडी वाचणारे एक गृहस्थ आले. पत्र्याच्या पेटीतले जुने कागद घेऊन तुम्ही दोघं माजघरात बसलात, दार लोटून. आई दोनदा चहा घेऊन गेली आणि दोन्ही वेळा तो दारातच तुमच्या हातात देऊन परत आली. त्या हिवाळ्यात तुम्ही टेकडीवर गेला नाहीत. गुडघे, म्हणालात. पण त्याच पौषात देवीच्या देवळाच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही न थांबता चढलात. मी मागेच होतो, मोजत होतो. आणि मग ती संध्याकाळ. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि मी विचारतो, ‘अण्णा, एकही उरला नाही, तर खापरपणजोबा म्हातारे कसे झाले? आजी तर सांगते, त्यांना शेवटी दात नव्हते, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे.’ आईचा हात परातीत थांबला. ‘जेवताना उलटतपासणी करू नये,’ असं म्हणून तुम्ही ताटावरून उठलात. अन्न टाकलेलं तुम्हाला चालायचं नाही, आम्हाला शितं वेचायला लावायचात. त्या दिवशी तुमच्या ताटात अर्धी भाकरी राहिली. मला वाटलं, मी काहीतरी घाण बोललो. मग मी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मोठेपणी ती लढाई तुमच्याच शब्दांत दुसऱ्यांना सांगू लागलो.

इथे दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि सगळं एकाएकी थांबलं. तुम्हाला कसं सांगू? जबल अलीकडे आमची साइट होती, सहा इमारती उठायच्या होत्या, त्यातल्या दोनच उठल्या. क्रेन जिथे होत्या तिथे मान वळवून उभ्या राहिल्या. जानेवारीत मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, ‘तुझ्या साइटवरचे अर्धे सुतार कमी कर. नावं तू दे. गुरुवारपर्यंत यादी हवी. यल्ला, लवकर.’ मी कुणाला बोललो नाही, पण अशी गोष्ट लपत नाही. मी चहाच्या टपरीवरून गेलो की बोलणं तुटायचं. घरी मुलगी विचारते, ‘बाबा, आर यू फायरिंग पीपल?’ आणि बायको तिला गप्प करते, मग स्वतःच माझ्याकडे तसंच बघते. त्या दिवसांत मी कुणाच्या नमस्काराचाही हेतू शोधत होतो.

त्याच आठवड्यात तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. केबिन म्हणजे साइटवरचा कंटेनर. स्लॅबच्या फळ्या ठोकणारा सुतार, पंचावन्नच्या पुढचा, सगळे त्याला मामा म्हणायचे. कोपरा साधण्यात त्याच्या हाताला तोड नव्हती. दोन वर्षं माझ्या हाताखाली होता, पण कधी कामापलीकडे बोलला नव्हता.

‘सायेब, तुमी मास्तरांचे ना? आडनावावरनं वळखलं व्हतं मी. आमी टेकडीच्या पल्याडचे.’ आणि त्यानं डबा पुढे केला. ‘सुकटीची चटणी हाय. गावाकडनं आलीया.’

दोन वर्षं ओळखत होता, आणि बोलला आज. मला ते टोचलं. तरी चटणीचा वास आला आणि मी त्याला बसवलं. जिभेवर गाव आलं. मी म्हणालो, ‘पल्याडचे म्हणजे तुम्हाला ती लढाई माहीत असणार, मामा. आमचे खापरपणजोबा होते त्यात.’

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘व्हते.’ आणि डब्याचं झाकण लावू लागला.

‘असं तोडून का बोलता?’

‘काय न्हाय, सायेब. जुनी गोष्ट.’

‘नाही, बोला. मी विचारतोय.’ माझा आवाज साहेबाचा झाला होता, ते मलाच ऐकू आलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘आमच्यात निराळं सांगत्यात. ती पान्याची वाट कंपनीला ठावं नव्हती. कुनीतरी दावली. म्हनून तर वाटाडे. जमीनबी त्येच्याच बदल्यात मिळाली तुमच्या घराला. आमच्या घरचे तिघं गेले थितं.’ मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो घाबरला. ‘मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. मास्तरांना तर ठावं व्हतं. आलते आमच्या दारात एकदा. म्या थितंच व्हतो, समदं आठवतंय. माज्या आज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्येंनी.’

अण्णा, तुम्ही परक्याच्या उंबऱ्यावर जाऊन जे कबूल केलंत, ते स्वतःच्या मुलाला सांगितलं नाहीत. हा राग त्या क्षणी यायला हवा होता. आला नाही. आला तो संशय. हा आत्ताच का आला? यादीची कुणकुण लागली म्हणून? तुमच्या घराचं काय ते मला ठाऊक आहे, असं सुचवतोय? कामगारांच्या कँपमध्ये आमच्या तालुक्यातली पाच-सहा माणसं होती, त्यांनाही सांगत असेल. दुपारी ती माणसं पाण्याच्या टाकीपाशी हसत उभी दिसली आणि माझी खात्रीच झाली. ज्याला नोकरी वाचवायची आहे तो साहेबाच्या तोंडावर असलं बोलेल का, हा साधा विचार मला सुचला नाही. किंवा सुचला आणि मी तो बाजूला सारला.

आठ-दहा दिवसांत त्याचा व्हिसा रद्द झाला. कंपनीच्या बसनं विमानतळावर जायच्या दिवशी तो ऑफिसात आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. मी खुर्चीतून उठलो नाही. ‘येतो, सायेब. गावाला आलात तर पल्याड या. वाट सोपी हाय आता, डांबरी झालीया,’ असं म्हणाला. त्यात टोमणा होता का, हे मी पुढे कितीतरी महिने तपासत राहिलो. त्याचा चेहरा आठवायचा, शब्द उलटसुलट करून बघायचे. काही सापडलं नाही. सुट्टीत गावी तीनदा गेलो. टेकडीच्या पल्याड गेलो नाही. आता तो असेल की नाही, कोण जाणे.

पाठवायला पत्ता असता, तरी हे मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुम्ही इतिहासाचे मास्तर, आधी काय झालं आणि नंतर काय, ते तुम्ही तपासलं असतंत. बायकोला, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना, मी सांगत आलो की यादी आधीच वर गेली होती, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. अण्णा, यादी तेव्हा माझ्याच टेबलावर होती, चटणीच्या डब्याखाली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. डबा उचलून तो गेल्यावर मी ते लिहिलं.