राजूरचा मुक्काम

आई, आम्ही दोघं राजूरला जाऊन आलो. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली, तेव्हा तुमच्या लेकाचं काय झालंय ते तुमच्या कानावर जायचं कारण नाही. सून या नात्याने सांगायचं काम माझ्याकडेच आलं. यांची आठवण जात चालली आहे. आधी चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं गेली, मग लेकीचं नाव गेलं, आणि दिवाळीनंतर मी गेले. सगळी नोकरी नगरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस, झोपेतून उठवलं तरी कुठली गाडी कधी सुटते ते सांगायचा. तो आता सकाळी उठून मला विचारतो, "आपण कोण?" आपण! उभ्या संसारात मला 'अगं'च्या पुढे काही मिळालं नव्हतं.

लेक नाशिकला असते. तिने तिथे अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवली. यांना आंघोळ घालताना माझी कंबर धरते, रात्री ते दार उघडून निघून जातात, हे सगळं तिला दिसत होतं. मी बरेच दिवस हो-नाही करत राहिले आणि शेवटी म्हटलं, आणते, पण राजूरवरून येते, तिथे एक मुक्काम करून. तिला वाटलं, आईला फिरायची हौस आली. तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. मी मनाशी ठरवलं होतं की लग्न होऊन मी ज्या गावात आले, त्या गावात यांनी मला एकदा, फक्त एकदा ओळखलं, तर गाडी तिथूनच मागे फिरवायची. मग कंबर मोडो नाहीतर काहीही होवो, मरेपर्यंत घरीच सांभाळायचं.

गाडी मीच चालवते आता. हे डावीकडे बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत असतात. संगमनेर आलं, अकोले आलं, तसे पाट्या वाचून स्टँडवरच्या आवाजात घोषणा करत होते. विठा घाट चढताना काच खाली करून हवा घेत राहिले. थंडीचे दिवस, ऊन असूनही बोटं गार पडत होती. राजूर तुम्हाला ओळखू येणार नाही, आई. धरणाकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, जिकडेतिकडे तंबूंच्या पाट्या लागल्यात. पेढ्यांची दुकानं तेवढी आहेत. तुमचं घर पाडून तिथे मोबाईलचं दुकान झालंय. पण वसतिगृहाचं ते स्वयंपाकघर, जिथे तुम्ही भाकरी थापून थापून मनगटं झिजवलीत, ते अजून उभं आहे. मी गाडी थांबवली आणि हे माझी वाट न बघता उतरून पुढे चालायला लागले, तरुण माणसासारखे, कुठे वळायचं ते पायांना माहीत असल्यासारखे.

"ह्ये बघा, हितं माजी आई सैपाक करती," ते म्हणाले. "समद्या पोरांचा. चुलीफुडं बसून तिचं पाय सुजत्यात, पर कुनाला सांगत न्हाई."

आई, ही बोली त्यांनी नगरला आल्यावर पार टाकून दिली होती. तुमच्याशीसुद्धा शुद्ध बोलायचे आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. ती बोली ऐकली आणि मला वाटलं, सगळं परत येतंय, आता वळतील, आता 'अगं' म्हणतील. ते वळले. माझ्याकडे नीट बघितलं आणि फार अदबीने विचारलं, "तुमी कुनाकडं आलात, बाई?"

त्याच गल्लीत एक बाई घरगुती जेवण देते, वरच्या मजल्यावर खोल्याही देते. मी एक खोली मागितली तर हे मध्येच म्हणाले, "ह्यांना येगळी द्या. परकं बाईमानूस हाय, बरं दिसत न्हाई." त्या बाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि दोन किल्ल्या काढल्या. तुमचं वळण, आई. कुठे येऊन मला नडलं बघा.

ताटं वाढली गेली. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरईचा भात. यांना शुगर आहे, जेवणाआधीची गोळी मी दिलेली होती. हे मात्र ताटाला हात लावेनात. "काका, खा की वाईच, भाकर गार झाली," ती बाई म्हणाली. हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "मालकीन यिऊ द्या. म्हायेराला गेलीय मिरजगावला, आज यायचीय नगरच्या गाडीनं. ती जेवल्याबिगर मी जेवत न्हाई."

ते तुम्हीच लावून दिलेलं होतं. लग्नानंतरची पहिलीच थंडी. मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर हे पानावर बसून अर्धी भाकरी संपवून मोकळे. तुम्ही यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. "ती जेवली का? न्हाई? मंग तुजा घास उतरतो कसा रं? बस उगी." तेव्हापासून या माणसाने माझ्याआधी कधी घास घेतला नाही. लग्नाकार्यात पुरुषांच्या पंगतीत बसून माझ्याकडे बघत राहायचे, मी लांबून मान हलवली की मग सुरुवात. लोक थट्टा करायचे. मला लाज वाटायची, रागही यायचा. "जेवा की हो, मी उपाशी मरत नाही," असं किती वेळा खेकसले असेन.

आणि आता मी त्यांच्या समोर बसलेय, माझ्याही पुढे ताट आहे आणि हा माणूस माझी वाट बघतोय. मी विचारलं, "कशी आहे हो तुमची मालकीण?" त्यांचा चेहरा उजळला. "भांडती लई. गाडीत बसली की समद्या गाडीशी बोलत येती. ती नसली की आमी दोगं, आई आन मी, निसते बसून ऱ्हातो. ती आली म्हंजी घरात बरं वाटतं." हे त्यांनी मला कधी, कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आणखी सांगा ना." त्यांनी सांगितलं. मी ऐकत राहिले आणि मला मिरजगावहून येणाऱ्या त्या मुलीचा हेवा वाटला.

मग यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. गोळी चढली होती आणि पोटात अन्न नव्हतं. मी म्हटलं, "ती जेवली. वाटेत संगमनेरला जेवली. आम्ही तिथे बरोबरच होतो, ती मागच्या गाडीनं येतेय. तुम्हाला जेवून घ्या म्हणून सांगितलंय तिनं."

"खरं सांगताय?"

"शपथ."

तेव्हा कुठे त्यांनी भाकरी मोडली. मी नुसती बघत बसले.

संध्याकाळपर्यंत हे स्टँडकडे तोंड करून ओट्यावर बसून होते. प्रत्येक गाडी आली की उठायचे, उतरणारी माणसं बघायचे आणि परत बसायचे. मी मागे उभी होते. दोन-तीनदा जवळ गेले, हात हातात घेतला, माझं नाव सांगितलं. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. मी रडले, तर त्यांनी मला प्यायला पाणी आणून दिलं.

सकाळी गाडीत बसेनात. "ती आली आन मी हितं नसलो तर?" माझ्याच्याने ओढवेना, आणि ओढून तरी कुठे न्यायचं होतं? शेवटी म्हटलं, "ती नाशिकला उतरलीय. चला, तिच्याकडे नेते तुम्हाला." हे ऐकून त्यांनी खिशातला कंगवा काढून केस विंचरले आणि पटकन पुढे येऊन बसले. घोटीपर्यंत खुशीत होते. मी त्यांना त्या जागेच्या दारात नेलं, आत बसवलं, कागदांवर सही केली आणि बाहेर येऊन गाडीत किती वेळ बसून राहिले, मला माहीत नाही.

हे सगळं लिहून काय करणार? तुमचा पत्ता नाही आणि यांना वाचून दाखवावं तर ते कोणा परक्या बाईचं दुःख समजून हळहळतील. मी दर रविवारी जाते. ते उठून मला खुर्ची देतात, कुठून आलात विचारतात, आणि म्हणतात, "बसा, मालकीन येईलच आता, भेटून जा." पहिले काही रविवार मी म्हणायचे, अहो, मीच ती. आता नाही म्हणत. मी बसते, आणि ते दाराकडे बघत राहतात. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, आई, पण परवाच्या रविवारी मीसुद्धा दाराकडे बघत बसले होते.