एक स्टॉप जास्त

३ तारीख

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

इस्पितळाची लाँड्री वीस तारखेला बंद होतेय. एकतीस वर्षं बाबा तिथल्या खिडकीपाशी धुतलेली प्रत्येक चादर उजेडावर धरतात, विरलेली जागा शोधतात आणि ती चादर रफूला काढतात. मला त्याचा एक फोटो हवा होता. तुम्ही शिकवलंत तसंच केलं: कॅमेरा सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड घ्यायचा, सावलीतला चेहरा उघडतो आणि पांढरं आपलं आपण सांभाळून घेतं. नाही सांभाळलं, मामा! चाळीस फोटो काढले. सगळ्यांत चेहरा छान, आणि बाबांच्या हातात चादरीच्या जागी भोक. बाबांनी विचारलं, मी काय हवा धरून उभा होतो का. याचं उत्तर तुम्हीच द्या.

लोभ सध्या बेताचाच आहे.

टिचकी

७ तारीख

चि. टिचकीस, अ. उ. आ.

मोठ्यांना असं लिहितात? मी स्टुडिओ उघडला तेव्हा तुझ्या कॅमेऱ्याचे आजोबाही जन्मले नव्हते. फिल्मला एक स्टॉप जास्त दिला की निगेटिव्ह भरदार येते. माझ्या एकाही गिऱ्हाइकाचा सदरा कधी नाहीसा झाला नाही. चूक तुझ्याच हाताची. महाग भिंग घेतलं म्हणून हात येत नाही.

आणि डिजिटल मला शिकवू नकोस. तीन वर्षं मीही वापरला. लोक म्हणू लागले, चेहरे पिठात बुडवल्यासारखे येतात. म्हणजे माझे डोळेच गेले. डॉक्टरने तीनदा तपासलं आणि डोळे ठणठणीत आहेत म्हणाला. त्याला काय कळतंय! म्हणून गेल्या वर्षी कुलूप घातलं. आता मला फोटोबद्दल विचारू नकोस.

ताईला सांग, तब्येत बरी आहे. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

मामा

१० तारीख

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून जास्तच चिडले. दादाच्या लग्नात तुम्ही काढलेले फोटो संगणकावर उघडले. पांढरे सदरे म्हणजे नुसते कोरे कागद. सगळीकडे एक स्टॉप जास्त! मामा, तुमचे डोळे शाबूत आहेत. फिल्म जास्तीचा उजेड पचवते, डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर नाही पचवत. पांढरं एकदा जळलं की तिथे काहीच उरत नाही. काळोखातलं मात्र नंतर वर काढता येतं, थोडे कण दिसतात एवढंच. म्हणून उजेड पांढऱ्यावर मोजायचा. जळालेली जागा माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकते. ते लुकलुकणं मीच बंद केलं होतं, कारण पडदा बघणारा कच्चा, असं तुम्ही म्हणाला होतात.

या एवढ्यासाठी तुम्ही दुकान बंद केलंत, आणि कारण आम्हाला कुणाला सांगितलंही नाहीत!

आता चादर नीट येते, पण बाबा इतके काळे पडतात की वर काढले तरी नुसते कणच दिसतात. ते मला सुटत नाही. वीस तारखेच्या आत या. तुमचा कॅमेरा कपाटातच राहू द्या, हात तेवढा आणा.

रागाने, पण वाट बघत,

टिचकी

२३ तारीख

चि. टिचकीस, अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. दीड स्टॉप कमी! सांगताना माझी जीभ रेटत नव्हती. पण त्या दोन धुणाऱ्यांना तुझ्या बाबांसमोर दुसरी चादर ताणून धरायला लावली तेव्हा तू नाक मुरडलंस, ते मी पाहिलं. उजेड उलटून तुझ्या बाबांच्या चेहऱ्यावर आला की नाही? तेवढं तरी कबूल कर.

काल कुलूप उघडलं. त्या डॉक्टरला पहिला बोलावलाय, पांढऱ्या कोटात. कोटाचं एकेक बटण मोजून घे म्हणणार आहे.

एक सांगायचं राहिलं. तू कॅमेऱ्याची तिवई मिटून बाहेर गेलीस तेव्हा मी तुझ्या बाबांना पडद्यावर फोटो दाखवला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. चादरीवर एका जागी बोट ठेवलं आणि भडकलेच. ही विरली आहे, ही रफूला जायला हवी होती, माझ्या नजरेतून सुटली कशी, म्हणून. लाँड्री बंद व्हायला एक दिवस उरला होता. तरी ते ती चादर शोधायला ढिगात शिरले. मी अडवलं नाही.

तुझा राग असाच राहू दे. उपयोगी पडतो.

मामा