छपरावरचा माणूस

प्रिय सरकार,

फोन करायचा नाही, असं तू बजावून गेलीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून ही पळवाट काढली. फाडायचंच असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड, कारण पहिल्या पानावर तुझ्या तब्येतीची चौकशी नाही आणि डॉक्टरांचा निरोपही नाही. तिथे फक्त माझ्या कामाची रड आहे, आणि ती ऐकायची तुला लग्नापासून सवय आहे.

एका माणसाने मला जेरीस आणलं आहे. तू घरी होतीस तेव्हाच ज्या परदेशी मालिकेचं डबिंग सुरू झालं होतं, तिचा नायक. त्याचं नाव उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला दाढीवाला म्हणतात. पहिल्याच भागात डॉक्टर त्याला सांगतात की आजार पसरलाय, उपचार लगेच सुरू करायला हवेत. हा सगळं नीट ऐकून घेतो, आभार मानतो, टोपी घालतो आणि घरी जाताना दुकानातून खिळे घेतो. का, तर घराचं छप्पर गळतंय. तिथून पुढे हा सतत शिडीवर. बायको खाली अंगणात उभी राहून हाका मारतेय, आणि हा वर ठोकाठोक करतोय. दवाखान्यात एकदाही जात नाही. अगं, कुणासाठी हे छप्पर? मूलबाळ नाही. घर विकायचं नाही. मी प्रत्येक भागात वाट बघतो की आता तरी काही कारण कळेल, कुणाला दिलेला शब्द, भावाशी वैर, काहीतरी. लेखकाने काही म्हणजे काही दिलेलं नाही.

तुला माहीत आहे, मी जन्मभर वाईट माणसांना आवाज दिला. सख्ख्या भावाला विहिरीत ढकलणारा तो जमीनदार होता ना, त्याचंसुद्धा मला पटलं होतं. माईकसमोर उभा राहिलो की पाच मिनिटांत त्याच्या मनात शिरलो होतो. उतारवयात पहिल्यांदा नायक वाट्याला आला, सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याच्या दारातच मी अडकून बसलोय. एक वाक्य धड निघत नाही. ओठ जुळतात, श्वास जुळतो, शब्द जागच्या जागी पडतात, तरी काचेपलीकडून दिग्दर्शिका मान हलवते. ती किती तोंडाळ आहे ते तू आपल्या घरच्या जेवणाला बघितलंच आहेस. पहिल्या आठवड्यात म्हणाली, काका, आवाज आलाय, माणूस घरीच राहिला का? दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, काका, तुम्ही त्याच्यावर रागावलाय का हो? मी म्हटलं, रागावू नको तर काय करू, मूर्ख आहे तो. त्यावर तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, तुम्ही त्याची वाक्यं त्याच्या बायकोच्या रागाने बोलताय. तो म्हणतोय ‘आज वारा नाही’, आणि ऐकू येतंय ‘मर मेल्या एकदाचा’. रेकॉर्डिस्ट इतका हसला की त्याला उठून बाहेर जावं लागलं. मी हसलो नाही.

पहिलं पान संपलं. आता मला तुझ्याबद्दल बोलू दे.

तू बहिणीकडे राहायला गेलीस तेव्हापासून धाकटीला मी रोज फोन करतो, हे तिने तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर आता तिच्यावर चिडू नकोस, ती तुझ्याच बाजूची आहे. माझा फोन ती अशा आवाजात उचलते, जसा विमावाल्याचा फोन असावा. भावोजी, ताई झोपलीये. भावोजी, ताई जेवतेय. भावोजी, ताई पत्ते खेळतेय आणि सरळ सरळ लबाडी करतेय, एक्का मांडीखाली लपवते. मी विचारतो, मळमळ होते का, वजन केलं का, पाठ दुखते का. तर ती म्हणते, भावोजी, मी तिची बहीण आहे, नर्स नाही. परवा मी जरा आवाज चढवला तर म्हणाली, ताई तुम्हाला भोंगा म्हणते ते काही उगाच नाही. आणि फोन ठेवला. मग मी आपल्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. गॅसवर चहा आटून काळा झाला होता. पातेलं अजून तसंच आहे, घासवत नाही.

आपली पहिली खोली आठवते? खोली कसली, एक खिडकी आणि एक कपाट. मला घरी सराव करायचा असला की मी त्या कपाटात डोकं घालायचो, कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणून. तू बाहेर स्टुलावर कागद घेऊन बसायचीस आणि बाकीच्या सगळ्यांची वाक्यं वाचायचीस. पोलीस, आई, प्रेयसी, वकील, सगळे एकाच सुरात. दिवसभर पोस्टाच्या खिडकीवर बसून तुझा तोच सूर पक्का झाला होता. ‘खून तूच केलास ना?’ हे तू अशा आवाजात विचारायचीस, जसं काही ‘सुटे आहेत ना?’ एकदा खालच्या मजल्यावरचे मास्तर धावत वर आले होते, कारण त्यांना माझी किंकाळी ऐकू गेली होती. तू दार उघडून त्यांना म्हणालीस, काही नाही, हे कपाटात आहेत. त्यानंतर ते बिचारे जिन्यात दिसले की आधी मला वाट द्यायचे. मी पुढे मोठ्या स्टुडिओत गेलो, मग कपाटाची गरज उरली नाही आणि तुझं ते वाचणंही संपलं. तिथली पद्धत वेगळी. प्रत्येक जण एकटा येतो, आपापली वाक्यं बोलतो आणि घरी जातो. समोरच्या पात्राचा आवाज कानात असतो खरा, पण तो मूळ परदेशी भाषेत. एक अक्षर कळत नाही. तो आवाज फक्त खुणेसाठी. तो थांबला की आपण सुरू करायचं. दाढीवाल्याची बायकोही माझ्यासाठी तशीच होती. अंगणातून येणारा एक आवाज, जो संपायची वाट बघायची.

हे सगळं मी का सांगतोय, ते आता ऐक. गेल्या आठवड्यात दिग्दर्शिकेने हात टेकले. त्या बायकोचं डबिंग एक मुलगी सकाळच्या वेळात येऊन करते. तान्हं बाळ आहे तिला, त्यामुळे आमची कधी गाठ पडली नव्हती. तिचे सगळे भाग करून झाले होते. दिग्दर्शिका म्हणाली, काका, आज बोलू नका. खुर्चीत बसा, हेडफोन लावा आणि ती तुमच्याशी काय बोलते ते फक्त ऐका. मी म्हटलं, कागदावर वाचलंय की मी. तर म्हणाली, वाचलं असतंत तर ही वेळ आली नसती. आणि दिवे कमी करून निघून गेली.

मी बसलो. ती पोरगी काय गुणी आहे म्हणून सांगू! पहिल्या वाक्यालाच माझे कान टवकारले. ती अंगणातून वर बघून म्हणत होती, उद्याची वेळ मिळालीय, सकाळी लवकर निघू. पुढच्या प्रसंगात, गोळ्या घेतल्यास का? त्याच्या पुढच्या, त्या दुसऱ्या डॉक्टरांशी बोललेय मी, ते म्हणाले अजून उशीर झालेला नाही. मग, आपण हरायचं नाही. मग, आपण हेही करून बघू. एकामागून एक भाग. प्रेमाने बोलत होती गं. मी मनात म्हणत होतो, बरोबर बोलतेयस पोरी, ओढ त्या गाढवाला खाली. आणि मग कुठेतरी, कुठल्या भागात ते आठवत नाही, मला घाम फुटला. कारण पुढचं वाक्य ती बोलायच्या आधी मला माहीत होतं. सगळीच माहीत होती. कागदावर वाचलेली म्हणून नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावर बोललेली म्हणून.

तू निघालीस त्या दिवशी मी तेच म्हणालो होतो ना? आपण तिसऱ्यांदा केमो घेऊ, आपण लढू. तू बॅगेची चेन लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, सुई माझ्या हातात जाते रे, आपल्या नाही. मला ते झोंबलं. इतकं झोंबलं की मी गाडीपर्यंत तुझ्याशी भांडत आलो, ड्रायव्हरसमोर, शेजाऱ्यांसमोर. डॉक्टरांनीसुद्धा खात्री दिलेली नाही, हे तू दोनदा सांगितलंस. मी म्हटलं, खात्री कशाचीच नसते. तू काच वर केलीस.

आता तुला वाटेल, वा, नवऱ्याला उपरती झाली. नाही झाली. खोटं कशाला बोलू? मला अजूनही पटलेलं नाही, ना त्याचं ना तुझं. तो शिडीवर चढला की अजूनही मला वाटतं, बायकोने शिडी काढून घ्यावी. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार येतो, आज ती हो म्हणेल. दात घासताना मी तुझ्याशी वाद घालतो आणि आरशात मीच जिंकतो. डॉक्टरांकडे मी परवाही जाऊन आलो. (पहिल्या पानावर टाळलं, इथे आलंच. माफ कर.) त्यांनी विचारलं, पेशंट कुठे आहे? मी म्हटलं, पत्ते खेळतेय. त्यांना वाटलं माझंच डोकं फिरलं. फिरलंही असेल. तू नसलेल्या जगात मी आवाज कुणाला देऊ, घरी येऊन कुणाला सांगू की आज दिग्दर्शिका काय म्हणाली, हे मला सुचतच नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण त्याऐवजी मी केमोच्या तारखा सांगत होतो.

पण त्या अंधाऱ्या खोलीत एक गोष्ट मात्र कानात अडकली. इतके सगळे भाग, आणि त्या बाईने त्याला एकदाही विचारलं नाही, की तुला काय हवंय? ती शिडी चढून वर गेलीच नाही. वरून काय दिसतं, तो दुपारभर तिथे का बसतो, त्याच्या शेजारी बसल्यावर वारा कसा लागतो, काही नाही. शेवटच्या भागात त्याचं एकच मोठं वाक्य आहे. तो वरून तिला म्हणतो, ‘थोडा वेळ वर येतेस का?’ मालिका तिथे संपते, ती गेली की नाही ते दाखवलेलं नाही. काल ते रेकॉर्ड करायचं होतं. मी माईकसमोर उभा राहिलो, लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. शेवटी दिग्दर्शिका आत आली (तू धाकटीकडे गेल्याचं तिला ठाऊक आहे), माझ्या कानावरचे हेडफोन स्वतःच्या हाताने काढले आणि म्हणाली, काका, हे वाक्य थांबेल. तुम्ही इथे काय करताय? जा.

म्हणून मी आलो. सरकार, हे पत्र घरून लिहिलेलं नाही. धाकटीच्या घरासमोर रस्त्यापलीकडे जो लॉज आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर काल संध्याकाळपासून मी बसलोय. टेबल डगमगतंय, म्हणून अक्षर असं. माझ्यामागे येऊ नकोस, असं तू म्हणाली होतीस, म्हणून बेल दाबायची हिंमत झाली नाही. आज सकाळी तू बाल्कनीत आलीस. कठडा धरून उभी होतीस. किती वाळलीस गं. मी पडद्याआड चोरासारखा उभा होतो, तोंडावर हात दाबून, कारण हात काढला असता तर भोंगा वाजला असता. मग धाकटी आतून काहीतरी बोलली आणि तू हसलीस, मान मागे टाकून. तसं हसणं आपल्या घरात कधीपासून ऐकलं नव्हतं, ते मी आठवत बसलो. आता धाकटी भाजीला खाली उतरेल, तेव्हा हे पत्र तिच्या हातात देईन आणि तिच्या शिव्या खाईन. तुला न्यायला आलेलो नाही. मला तुझं म्हणणं कळलेलं नाही, कदाचित कळणारही नाही, पण न कळता शेजारी बसता येतं का, एवढंच विचारायला आलोय. तुला काय हवंय ते सांग. त्यात मी नसेन, तर तसा निरोप पाठव, मी दुपारच्या गाडीने परत जाईन आणि धाकटीलाही छळणार नाही. पण मी असेन, तर लिहीत वगैरे बसू नकोस, दमशील. बाल्कनीचं दार उघडं ठेव, बस्स. मी खिडकीशीच उभा आहे.

तुझाच,
मी