काळा बोळ

९ एप्रिल ७३

मुंबईच्या हॉस्पिटलचा हुकूम आला. कायम जागा, १ मेला हजर व्हायचं. इथल्या दवाखान्यातली माझी तात्पुरती जागा मार्चअखेर संपलीच आहे. विहीर कोरडी, शेत पडून, ह्यांच्या एकट्याच्या मास्तरकीवर सगळं घर. जायलाच हवं. आत्यांनी देवापुढे साखर ठेवली. सासूला सुनेची नोकरी एवढी गोड लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली!

पण नर्सेसच्या हॉस्टेलात मूल चालत नाही. बाहेर खोली घ्यायची तर पगार खोलीतच जिरणार. म्हणजे सुमी इथं, थोरल्या जाऊबाईंकडे. दीड वर्षाची आहे. अजून अंगावर पिते.

१० एप्रिल

दवाखान्यात बायकांना मीच सांगायचे, दूध हळूहळू तोडा, एकेक वेळ कमी करा. आता माझ्यावर आली तर तीन आठवडेही हातात नाहीत.

आत्या म्हणाल्या, "निंब वाटून लाव. येका दिसात सुटतंय पोर. माजी तिन्ही तशीच सुटली."

अशा सल्ल्यांना मी दवाखान्यात नाक मुरडत असे.

१२ एप्रिल

निंब लावला. पार फजिती.

सु.ने तोंड लावलं, थांबली, ओठ चाटले आणि दुप्पट जोरानं प्यायला लागली. अक्का (जाऊबाई) हसून हसून लोळायच्या बाकी. "आगं, पाडव्याला गुळात कालवून तुमीच चारला की निंब! तिला वाटतंय, आता मागनं गूळ येतोय."

खरंच. आठच दिवस झाले. तिनं पुन्हा पुन्हा मागितला म्हणून आम्हीच कौतुकानं भरवत होतो. नर्स, मास्तर नि आत्या, तिघांच्याही डोक्यात आलं नाही. मग पोटभर पाजली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ एप्रिल

ह्यांनी नगरहून काळा बोळ आणला. काळाकुट्ट खडा, पाण्यात उगाळायचा. बोटाला लागला तो जिभेवर गेला, दोनदा चूळ भरली तरी कडूपणा जाईना.

सु.नं तोंड लावलं आणि सोडलं. लगेच रडली नाही. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग रडली.

अक्कांनी उचलून घेतली. "तिकडं न्हाई जायाचं. आई कडू हाय. कडू कडू!"

सु. हुंदके देत म्हणाली, "कडू."

नवा शब्द! सगळ्यांनी कौतुक केलं. मीपण शाबास म्हटलं.

२० एप्रिल

सु. अक्कांजवळ झोपते. माझ्याकडं येत नाही. मी हात पुढे केला की स्वतःच "कडू" म्हणून मागं सरते. मनासारखं झालं म्हणायचं.

छाती दगडासारखी झालीय, घट्ट पट्टा बांधलाय. आत्या म्हणतात, मोगऱ्याची फुलं बांध, दूध आटतं. गावाला प्यायला टँकर, मोगरा कुठला आणू!

३० एप्रिल

निघाले. सु. अक्कांच्या कडेवर, हसत टाटा करत होती. रडली असती तर सोपं

एस.टी. फार हलते. पुरे.

७ मे, मुंबई

नेमणूक बाळंतिणींच्या वॉर्डात. दुसरीकडे कुठेही चाललं असतं. आज पहाटे एक बाळ रडायला लागलं नि इथं माझा ड्रेस ओला. मेट्रनबाईंना सांगितलं, पाणी सांडलं. त्यांनी कपाटातून कोरडा एप्रन काढून दिला.

बरोबरच्या सिस्टरनं खोलीचं विचारलं. बेत असा, दोघींनी मिळून भाड्यानं घ्यायची, पाळ्या उलटसुलट लावून घ्यायच्या, म्हणजे पोरीजवळ कुणीतरी राहील. जमेल का? तीन दिवस हाच हिशेब डोक्यात. मेट्रनबाई पाळ्या बदलू देतील असं दिसतं. म्हणजे सु.ला आणता येईल! 

१७ जून, घरी

रात्रपाळ्या जोडून दोन दिवस सुट्टी मिळवली. खोली ठरल्यात जमा. सु.ला न्यायचं म्हणूनच आले.

अक्का दुष्काळी कामावर होत्या, खडी फोडायला. तशीच तिकडे गेले. सु. पोत्याच्या सावलीत खेळत होती. उन्हानं काळवंडलीय, पण अंगानं बरी. मला ओळखलं. ओळखलं नसतं तर एक वेळ

क्रीमची बिस्किटं नेली होती. एक पुढे केलं. बिस्किटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नि दोन्ही हात पाठीमागं नेले. "कडू."

अक्कांनी तेच बिस्किट माझ्या हातून घेतलं, स्वतः तुकडा मोडून खाल्ला, मग दिलं. तेव्हा सु.नं खाल्लं. अक्का ओशाळल्या. "म्या तुमच्यासाठीच म्हनले हुते, बाई." मला ठाऊक आहे. मीच शाबास म्हटलं होतं.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं, पोरीला घेऊन जाते. म्हणाले, "खोलीचं झालं. पण ती येईल का?"

एवढा हिशेब केला, त्यात हे धरलंच नव्हतं.

१८ जून

दुपारी दोनची गाडी. आत्या सकाळीच म्हणाल्या, "बोटाला गूळ लावून फुडं कर. पोरीची जात, इसरंल."

गूळ हातात घेतला, परत ठेवला. एकदा कडू लावून फसवली. आता गोड लावून नको.

नुसता दूधभात कालवलाय. ती उंबऱ्यापाशी बसलीय, अक्का मुद्दाम परसात गेल्यात. हे लिहून झालं की पहिला घास पुढे करणार.