छापील भरती

शनिवार, १८ जानेवारी १९५८

आठवीच्या वर्गात विचारलं, सुवेझचा कालवा दाखवा. धर्मराजाने बोट ब्राझीलवर ठेवलं. ठेवलं ते ठेवलं, वर माझ्याकडे बघून हसला. भातगिरणीवाल्यांचा मुलगा. वडील शाळेच्या कमिटीवर आहेत, तेव्हा कालवा ब्राझीलमध्येही चालतो!

दर शनिवारी सव्वादहा ते अकरा — 'जगाची ओळख'. हा तास माझा. हेडमास्तर केळकर जूनमध्ये घड्याळ दाखवायला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले आणि विनंती करून गेले. माणूस बी.ए., बी.टी., पण वर्तमानपत्र नाटकांच्या जाहिरातींपासून उघडतो. मी मराठी चौथी. पुढचं सगळं डिक्शनरी, नकाशे आणि घड्याळं यांच्यावर. त्यामुळे माझ्या डोक्यात दुसऱ्या कुणी भरलेलं काही नाही.

आज फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — 'छापलंय म्हणून खरं मानू नका.' एकोणतीस पोरांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. एकानेही विचारलं नाही, का?

शनिवार, २५ जानेवारी

नोव्हेंबरात रशियाने आकाशात सोडलेल्या कुत्रीवर बोललो. वेग, उंची, सगळे आकडे दिले. मागच्या बाकावरून सत्यवती उठली — मिठागरातल्या बळीरामची मुलगी. म्हणाली, "गुरुजी, तिला परत आनायचं काय ठरलं होतं?"

वर्ग हसला. मी सांगितलं, तो आजचा विषय नाही. (प्रश्न बरा होता. वेळ नव्हता. पाच मिनिटं उरली होती.)

जग शिकवायचं ते उंबरठ्यापासून. म्हणून वर्तमानपत्रातलं फेब्रुवारीचं भरती-ओहोटीचं कोष्टक कापून आणलं. चारी कडा पट्टी लावून सरळ केल्या, जुन्या घड्याळाची काच बसवली, वर्गात टांगलं. केळकर म्हणाले, वा, शोभा आली! शोभा!

शनिवार, १ फेब्रुवारी

परीक्षा. चाळीस प्रश्न, चाळीस मार्क. पहिला येईल तो अलिबागला, जिल्ह्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेला. नाव सोमवारी, दहा तारखेला टपालात पडायचं.

बाविसावा प्रश्न मुद्दाम घातला — येत्या मंगळवारी, पौर्णिमेला, पनवेल बंदरात दुपारची पूर्ण भरती किती वाजता? कोष्टक भिंतीवर, उत्तर डोळ्यांसमोर. ११.४८. पोरं डोळे उघडे ठेवतात का, एवढंच बघायचं होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

धर्मराज ३७. घरच्या शिकवणीने सुवेझ ब्राझीलमधून परत आणलेला दिसतो. सत्यवती ३६.

तिचा बाविसावा चुकला. अठ्ठावीस जणांनी ११.४८ लिहिलं. हिने लिहिलं — 'मुंबईला ११.४८. आपल्याकडे पाऊण तास उशिरा येते, साडेबाराच्या सुमाराला.' सुमाराला! घड्याळाच्या माणसाला 'सुमाराला'! घरात घड्याळ नाही आणि छापील कोष्टक दुरुस्त करायला निघाली. शून्य दिलं. लाल शाईने दोनदा गोल केला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तिची चूक तिला दाखवावी म्हणून बंदरावर गेलो. खिशातलं घड्याळ सकाळी आठला रेडिओशी लावलेलं. काठी रोवली, चाकूने खुणा केल्या.

११.४८ — पाणी चढतंय.

१२.१० — चढतंय.

१२.२५ — माझ्या वहाणा भिजल्या.

१२.३३ — थांबलं.

बळीराम उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वर करून मिठागरात पाणी घेत होता. उधाणाचं पाणी, त्याला सवड नव्हती, तरी बोलला. मी कोष्टकाचं सांगितलं. तो म्हणाला, "पेपर मुंबयचा हाय, गुरुजी. पानी हितलं हाय. खाडीतून चढत यायला येल लागतो ना त्याला." जसं काही पाणीही त्याच्यासारखंच ओझं घेऊन चालत येतं.

मग फळी खाली टाकता टाकता म्हणाला, पोरीचं नाव अलिबागला गेलं तर म्याट्रिकपर्यंत शिकवतो, हेडमास्तरांना तसा शब्द दिलाय. नाय गेलं तर शिमग्यानंतर हितंच, फावडं धरून.

वहाणा हातात घेऊन परत आलो.

दुकानात रद्दीत ते पान शोधलं, जिथून कोष्टक कापलं होतं. उरलेल्या पट्टीवर बारीक टाइपात छापलेलं — 'वेळा मुंबई बंदराच्या. अन्य ठिकाणी फरक पडेल.' पट्टी लावून, अगदी सरळ, ती ओळ मीच कापून टाकली होती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत सत्यवतीला बोलावलं. तुझं उत्तर बरोबर, म्हणालो. वाटलं, आनंदेल.

"तुमी किती दिस बघितलंत?"

एक, म्हणालो.

"एका दिसानं काय कलतं, गुरुजी? काल वारा होता. चार दिस बगा."

तेरा वर्षांची पोर! राग आला. पावणेएकला बंदरावर होतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चार दिवस झाले. छापील वेळेनंतर ४५, ४३, ४६ आणि ४४ मिनिटं. पाऊण तास. 'सुमाराला' हा शब्द काही वाईट नाही.

संध्याकाळी आकडे घेऊन केळकरांकडे गेलो. म्हटलं, बाविसाव्याचा मार्क अठ्ठावीस जणांचा कापा, एकीला द्या. ती ३७, धर्मराज ३६. केळकरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. त्यांचं म्हणणं असं, की अठ्ठावीस पालकांना काय सांगायचं? गिरणीवाले काय म्हणतील? मी माझं फळ्यावरचं वाक्य ऐकवलं. त्यावर म्हणाले, "अहो घड्याळवाले, ते मुलांसाठी असतं."

बी.ए., बी.टी.!

शनिवार, ८ फेब्रुवारी

शाळेच्या घड्याळाला दर शनिवारी किल्ली मी देतो. आज सकाळी लोलकच काढून घरी आणला. तेलपाणी करायचं आहे, दादू शिपायाला सांगितलं. किती दिवस? काम बघून सांगतो, म्हटलं.

आता या शाळेत तीन पदवीधर आहेत, तिघांच्याही मनगटावर घड्याळं. एक पाच मिनिटं पुढे, एक सात मागे, तिसरं लग्नात मिळालेलं, शोभेचं. दादूने कुणाचं ऐकायचं? सकाळची प्रार्थना दोनदा झाली. मधली सुट्टी सव्वा तास चालली. पाचवीची पोरं नववीच्या वर्गात जाऊन बसली आणि भूमितीचा तास संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा तास मी माझ्या घड्याळावर घेतला. सव्वादहा ते अकरा. बोलायला मजा आली.

केळकर दुपारी दुकानात, लोलक मागायला. खुर्ची दिली. पुन्हा आकडे दाखवले, कापलेली पट्टी दाखवली, चूक माझी आहे असं लिहून सही करून दिलं. आधी दोन कागद फाडले, खोटं का सांगू. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, गिरणीवाल्यांना दाखवायला. मग यादीवर नाव बदललं.

३.४० ला लोलक बसवला. ठोके ऐकत पाच मिनिटं उभा राहिलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

यादी टपालात. सत्यवती बळीराम, इयत्ता आठवी. टपालाची पोच स्वतः पाहिली.

कोष्टकाच्या चौकटीत कापलेली पट्टी परत चिकटवली. वाकडी बसली. राहू दे.

सात महिन्यांत एक पोर तयार झाली, हे थोडं नाही. इतर अठ्ठावीस म्हणजे छापखाने. पण एक झाली! आणि झाली ती माझ्या तासाला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तासाला सहज विचारलं — आपल्याकडे भरती उशिरा येते हे परीक्षेच्या आधीच ठाऊक होतं, अशांनी हात वर करा.

मोजले. पुन्हा मोजले. सव्वीस. राहिले ते तिघे घाटावरून बदली होऊन आलेल्यांची मुलं.

धर्मराजाला विचारलं, मग तू ११.४८ का लिहिलंस?

"तुम्हाला तेच हवं होतं ना, गुरुजी."