एक डोळा झाकून

प्रिय बेबी,

फोनवर बोलायला घेतलं की मी रडायला लागते आणि तू, ताई रडू नकोस, म्हणून फोन ठेवतेस. म्हणून आज शिलाई मशीन बाजूला सारून लिहायला बसले. आमची ठमी मला सुई ओवून द्यायची, आठवतं? मध्यंतरी तिचा दोरा सारखा नेढ्याच्या बाजूने जायला लागला. मला वाटलं, बाईसाहेबांना खेळायला पळायचंय, म्हणून हे नखरे. डोळा लाल नव्हता, दुखतही नव्हता. एक दिवस उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळत उभी होती आणि मला विचारते, आई, लाईट का गेली? भर दुपारी!

डाव्या डोळ्याच्या पडद्यातलं रक्त परत नेणारी शीर गुठळीने बंद झाली होती. लहान मुलांत हे क्वचितच होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्याच वाट्याला बरं आलं! डोळ्यात इंजेक्शनं झाली, लेझर झालं. कार्टी निमूट पडून राहायची आणि घरी आल्यावर नर्सची नक्कल करून मलाच हसवायची. पण नको तिथे नव्या, कच्च्या शिरा फुटल्या. त्यांतून आत रक्त सांडलं, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली, दाब वाढला. आता त्या डोळ्याला दिसत काहीच नाही, नुसता ठणकतो. पोर भिंतीला कपाळ टेकून उलट्या काढते. सोमवारी तो डोळाच काढणार आहेत. काल मला विचारत होती, खोटा डोळा अगदी जुळता मिळेल ना, की तू गिऱ्हाइकांना लावतेस तसं उन्नीस-बीस बटण? मी हसले आणि आत जाऊन तोंडात टॉवेल कोंबला.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, गुठळ्या होण्याचा दोष आपल्या घरातलाच आहे. माझ्यातही निघाला. आबांचा पाय सुजायचा आणि एका सकाळी ते बसल्या जागी गेले, तेव्हा आपण नशिबाला बोल लावत बसलो. बेबी, तो तुझ्यातही असू शकतो आणि तुझ्या छबीतही. परवा तू हसत सांगितलंस की छबी हल्ली पाणी पेल्याबाहेरच ओतते, वेंधळी झालीय. मला हसू आलं नाही, आणि पुढे बोलवेनाही. हे वाचून झालं की तिला जवळ घे. आधी तिचा एक डोळा झाक, मग दुसरा, आणि काय दिसतं ते विचार. पत्र घेऊन आलेले तुझे भावोजी दारात गाडी घेऊन थांबलेत. काहीही म्हणाली तरी आजच दोघी त्यांच्याबरोबर निघा. माझ्यावर चिडायचं असेल तर इथे येऊन चीड.

तुझीच,
ताई