नवसापुरती तिस्ते

६ मार्च, सोमवार

नवीन कुत्री आली. आली कसली — सोडून गेले! तरुण जोडपं, ट्रकवर गाद्या बांधलेल्या. कोस्टा रिकाला निघालेत, कायमचे. बायको खाली उतरलीच नाही. नवरा म्हणाला, "सात वर्षांची आहे. गरीब आहे. काही म्हणजे काही त्रास नाही हिचा."

मग सोडता कशाला? — ओठांवर आलं होतं. पण मेल्बाबाईंची ताकीद आहे: "चानो, सोडायला आलेल्याला टोचून बोललास तर पुढचा माणूस कुत्रं सरळ हमरस्त्यावर सोडेल." बाईंचं बरोबर आहे. औषधाचं दुकान विकून त्यांनी हा कुत्र्यांचा निवारा काढला, त्यांचा शब्द मानायलाच हवा. अकरा वर्षं इथे राखणीला आहे, मानतोच आहे. जीभ मात्र अजून ऐकत नाही.

नाव तिस्ते. रंगही त्या नावाच्या कोको-मक्याच्या सरबताचाच. डावा कान थोडा फाटका. ट्रक ज्या वळणावर दिसेनासा झाला, तिकडे तोंड करून बसली आहे.

७ मार्च

जेवली नाही.

९ मार्च, गुरुवार

आजही नाही. पाणी पिते, तेवढंच. घेवडा-भात दिला. कोंबडीचे पाय उकडून दिले. उपासाच्या दिवसांत मी स्वतः मांस शिवत नाही, पण तिच्यासाठी काळीज परतलं. त्या वासाने माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. तिने मान वळवली.

बाकीची एकतीस कुत्री थाळ्या चाटूनपुसून मोकळी. हिची थाळी जशीच्या तशी, वर मुंग्या.

आजपासून पिचकारीने पेज पाजतो आहे. गिळते. उपकार केल्यासारखी बघते.

१४ मार्च

मेल्बाबाईंची भाची शिओमारा हिने तिस्तेचा फोटो फेसबुकवर टाकला. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा बदाम! खाली लोकांनी लिहिलंय — "किती गोड!" "आमच्याकडे जागा असती तर!" "कोणीतरी घ्या हो हिला!"

कोणीतरी! दोनशे बारा माणसं मिळून त्या कोणीतरीला हाका मारताहेत. आणि तो फोन बघत नसावा.

१८ मार्च, शनिवार

तिघं येऊन गेली.

पहिला ग्रानादा शहराचा, लॉजवाला. "भुंकते का?" — नाही. "चावते?" — नाही. "मग करते काय?" मी म्हणालो, "वाट बघते." तो खो खो हसला. मला विनोद करायचा नव्हता.

मग एक आई, दोन मुलींना घेऊन. त्यांना पांढरं हवं होतं. आणि पिल्लू. आणि केस न गळणारं. मी म्हणालो, "बाई, साबणाची वडी न्या." मेल्बाबाईंनी आतून ऐकलं. नंतर माझी हजेरी घेतली.

तिसऱ्या निवृत्त शिक्षिका. तिस्तेजवळ जमिनीवर बसल्या, तिच्या फाटक्या कानावरून हात फिरवत राहिल्या. पाव तास! मी मनात जप सुरू केला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "नको रे बाबा. हिच्याकडे बघून मला माझीच आठवण येते. घरात दोघी दोघी कशाला?"

त्यांचा राग करता येईना. म्हणून देवाचा केला. नंतर माफी मागितली.

२१ मार्च, मंगळवार

डॉक्टर आले. सोळा किलोची अकरा झाली. "आजार काही नाही, चानो. हिला घर हवंय. पिचकारीवर अजून दोन आठवडे ढकलशील. मग मूत्रपिंडं दगा देतील."

"घरातच घेतो मी तिला," म्हटलं. म्हणजे फाटकाजवळची माझी खोली. घेऊन पाहिलं. दारात बसली, फाटकाकडे तोंड करून. एकतीस जण भोवती ओरडताहेत, तिच्या लेखी हे घर कसलं? हा बसथांबा आहे. आणि मी तिकीट देणारा.

२५ मार्च, शनिवार

सुरू झालं! मला वाटलंच होतं. येत्या रविवारी नाही, त्या पुढच्या रविवारी संत लाझारोचा दिवस, ज्याच्या जखमा कुत्र्यांनी चाटल्या त्याचा. जवळच्या मोनिम्बो वस्तीच्या देवळात कुत्र्यांची रांग लागणार. ज्याची जखम भरली, ज्याचं दुखणं गेलं, तो नवस फेडायला कुत्र्याला नटवून आणणार. ज्याच्याकडे कुत्रं नाही तो कुठे येणार? आमच्याकडे!

सकाळपासून चौघं. काखेत इवलेसे झगे, हातात टेप. कुत्री निवडत नाहीत, मापं घेतात! एक बाई म्हणे, "छातीला अठरा इंच असलेलं दाखवा." कापडदुकान आहे का हे?

दरवर्षी हेच. शनिवारी नेतात, सोमवारी परत आणतात. त्या दोन दिवसांत कुत्र्याला वाटतं आपलं भाग्य उजळलं. सोमवारी ते पिंजऱ्यात शिरताना मागे वळून बघतं — ते बघायला मी असतो, ते नसतात. अकरा वर्षांत एकाने ठेवून घेतलं. तेही फटाक्यांना भिऊन त्याच्या पलंगाखालून निघेना म्हणून!

मेल्बाबाईंना म्हटलं, या आठवड्यात फाटक बंद ठेवू. त्या म्हणाल्या, "संताच्या नावाने आलेल्याला मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. शिवाय कोणाचं मन फिरेल, कोणी सांगावं?"

मन! मनं फिरतात बाई, पण सोमवारी.

२९ मार्च, बुधवार

आज तिस्तेला मागणी आली. मोनिम्बोच्या एर्मेलिंदाताई. साठीच्या असतील, चामड्याच्या चपला शिवतात. पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती, ती भरली. सात वर्षांचा नवस, हे चौथं वर्ष. "शेजारणीचं कुत्रं न्यायचे मी. ते जानेवारीत गेलं बिचारं."

मी सरळ विचारलं, "एवढी धडधाकट कुत्री सोडून ही का?"

"हिला कोणी नेणार नाही म्हणून."

उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तरांना मी आता भुलत नाही. म्हटलं, "ही जेवत नाही. देवळात आडवी पडली तर?"

"तर मी हिच्याजवळ आडवी पडेन. लाझारो काय, आडव्या पडलेल्यांचाच संत आहे."

मेल्बाबाई हसल्या. मी नाही हसलो. ताई जमिनीवर बसून माप घेऊ लागल्या. तिस्तेने त्यांच्या पायावरचा जुना व्रण हुंगला. मग चाटला. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

१ एप्रिल, शनिवार

नेली.

कागद भरला. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. पूर्वी मी अख्खा कागद मोठ्याने वाचून दाखवत असे, दोन्ही पानं. हल्ली सोडून दिलंय. सोमवारी परत येणाऱ्यासाठी घसा कशाला कोरडा करा?

तिस्ते गेली ती मागे न बघता. पहिल्यांदाच त्या वळणाकडे पाठ करून, उलट्या दिशेने चालत गेली. ताई तिच्या चालीने सावकाश. काहीतरी सांगत होत्या तिला.

२ एप्रिल, रविवार

देवळात मिस्साला गेलो. माझा काही नवस नाही. नुसता गेलो.

देवळाबाहेर ही गर्दी! कुत्री कसली, नवऱ्या मुली, बेसबॉल खेळणारे, एक नर्स, पंख लावलेले दोन देवदूत — एकमेकांना चावणारे. मारिम्बा वाजत होता. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं तर नर्सने अंग झाडून त्यांनाच भिजवलं. लोक हसून हसून बेजार.

तिस्ते खांबाजवळ होती. निळा नाचाचा घागरा, फाटक्या कानावर कागदाचं फूल. ताई खाली बसलेल्या, मांडीवर फडकं सोडलेलं. भात होता. बोटाने कालवून एकेक घास पुढे करत होत्या.

जेवत होती! पिचकारी नाही, जबरदस्ती नाही. घास संपला की ताईंचा हात शोधत होती.

मी पुढे गेलो नाही. खांबाच्या या बाजूला गुडघे टेकले. काय मागितलं ते लिहीत नाही.

३ एप्रिल, सोमवार

परत आणली.

सात वाजता! फाटकसुद्धा उघडलं नव्हतं. आंघोळ घातलेली, नखं कापलेली, गळ्यात नवीन चामड्याचा पट्टा — ताईंनी स्वतः शिवलेला. "पट्टा राहू दे तिलाच," म्हणाल्या. जणू फार मोठं दान!

मी म्हटलं, "बरं झालं, लवकर आणलीत. काही जण दुपार करतात."

"हो ना. उशीर नको म्हटलं."

लाज नाही, काही नाही! मी वहीत खूण केली, तिस्तेला आत घेतलं. ताई फाटकाशी उभ्याच.

"अजून काय?"

"काही नाही, चानोभाऊ. भात मऊ लागतो तिला. जरा मीठ घालून. आणि आपण शेजारी बसलो तरच खाते."

"इथे बत्तीस आहेत ताई. कोणाकोणाशेजारी बसू?"

फाटक लावलं. जोरात लावलं, कबूल करतो. त्या गेल्या तेव्हा शालीच्या टोकाने तोंड पुसत होत्या. घाम असेल. सकाळीच उकडत होतं.

संध्याकाळपर्यंत तिघं परत. एकच बाकी.

मेल्बाबाईंनी विचारलं, "एर्मेलिंदा काय म्हणाली?"

"काय म्हणणार? संत खूश, ती खूश."

"तू काय विचारलंस?"

विचारायचं काय त्यात!

४ एप्रिल

मीठ घालून मऊ भात केला. शेजारी बसलो. तासभर. मोनिम्बोच्या दिशेला तोंड करून बसली आहे. दिशा तेवढी बदलली.

आज प्रार्थनेत लाझारोशी भांडलो. म्हटलं, तुझी जखम कुत्र्यांनी चाटली, आणि तुझे लोक कुत्र्यांना दोन दिवस वापरून टाकतात. तुला दिसत नाही? बोलून झाल्यावर बरं वाटलं नाही. मन कडू झालंय माझं. पन्नाशीला आलो, आणि माणसं बघितली की आधी त्यांची सोमवारची तोंडं दिसतात.

५ एप्रिल, बुधवार

राहिलेलं कुत्रं आज आलं. देवळाबाहेरच्या त्या दोन देवदूतांतला एक, पंख काढलेला. आणणारा सुतार आहे, मोनिम्बोचाच. मला बोलू देण्याआधीच हात जोडून उभा.

"माफ करा चानोभाऊ. दोन दिवस उशीर झाला. बायको सोडेना. आज सकाळपासून रडते आहे. पण मी म्हटलं, संताच्या कामाला उसनं आणलेलं घरात राहिलं तर नवस फिटेल का? मारिम्बा परत केला, खुर्च्या परत केल्या, कुत्रं तेवढं ठेवायचं? लोक काय म्हणतील!"

साखळी धुऊन आणली होती. ब्रशसुद्धा.

तो गेल्यावर 'उसनं' हा शब्द मनातून जाईना. मग कागदांची फाईल काढली. त्याची सही. एर्मेलिंदाताईंची सही — तीन अक्षरांनंतर वर चढत गेलेली. त्यांच्या आधीच्या सगळ्या सह्या. अकरा वर्षांपैकी निदान पाच वर्षं मी फक्त बोट दाखवलं आहे.

तिस्ते आज पेजही गिळत नाही. बाहेर येते.

६ एप्रिल, गुरुवार

कागद घेऊन मोनिम्बोला गेलो. एर्मेलिंदाताई दारात चपलेला टाके घालत बसल्या होत्या. मला बघून घाबरल्या — कुत्रीला काही झालं का? मी म्हटलं, आधी ऐका. उभ्यानेच दोन्ही पानं वाचली. दुसऱ्या पानावर चौथी ओळ आहे, 'आजपासून हे कुत्रं तुमचं.' ती दोनदा वाचली.

त्यांच्या हातातली सुई थांबली.

"म्हणजे... ठेवू देतात?"

उत्तराला त्या थांबल्या नाहीत. मांडीवरचं चामडं खाली पडलं, आणि ती बाई, घरभर चपला पसरलेल्या असताना, स्वतःच्या शोधत आत-बाहेर करू लागली. मग तशीच अनवाणी निघाली.